खुकुरी, कोरा, खड्ग: नेपाळच्या हातघडणीच्या शस्त्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपाळला जाऊन आलेला प्रत्येक तिसरा माणूस एक खुकुरी घेऊन येतो आणि घरी आल्यावर त्याला प्रश्न पडतात. ते फिरून फिरून येतात, म्हणून एका जागी उत्तरं लिहिली. सुरुवातीला सोपे, शेवटी अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खुकुरी ही तलवार आहे की सुरा?

नेपाळच्या डोंगरात हा प्रश्न कुणाला पडत नाही. आपल्याकडे कोयता हत्यार की अवजार, असं कोकणातला माणूस विचारत बसत नाही, तसंच. साधारण खुकुरी मुठीसकट पंधरा ते अठरा इंच भरते. पातं दहा-बारा इंचांचं, पाठीला जाड आणि मध्यावर पुढे झुकलेलं. धार आतल्या, म्हणजे पोटाच्या बाजूला. या वाकामुळे सगळं वजन पुढे जातं आणि घाव घालताना मनगटाला जोर लावावा लागत नाही, पातं आपल्या भारानं पडतं.

त्या पात्याची रोजची कामं म्हणजे सरपण फोडणं, बांबू तासणं, झाडाच्या फांद्या छाटणं, बोकड कापणं, आलं ठेचणं. लढाई हेही त्याच यादीतलं काम, पण रोजचं नाही. खुकुरीबद्दलचे निम्मे गैरसमज ही यादी उलटी वाचल्यामुळे झाले आहेत.

२. कुकरी, खुकरी, खुकुरी: बरोबर काय?

नेपाळी भाषेत खुकुरी. इंग्रजांनी ऐकलं तसं लिहिलं, त्यावरून आपल्या वर्तमानपत्रांत ‘कुकरी’ आलं. प्रेशर कुकरशी नातं लावणारे विनोद मी भरपूर ऐकले आहेत, आता पुरे.

३. नेपाळी तलवार म्हणजे फक्त खुकुरीच का?

नाही. जगात नाव खुकुरीचं झालं, पण खरी तलवार म्हणावी अशी नेपाळी घडण म्हणजे कोरा. पातं एकधारी, पुढे वाकलेलं, टोकाकडे एकदम रुंद होत जाणारं, आणि शेवटी दोन अर्धचंद्र चावून काढल्यासारखं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मोडकं वाटतं. धार खोलगट बाजूला असते. रुंद टोकावर बहुतेक वेळा कमळ किंवा डोळा कोरलेला असतो. मूठ दोन चकत्यांच्या मध्ये बसवलेली. भार सगळा टोकाला असल्यामुळे पट्टा फिरवावा तसा हा फिरवता येत नाही, वरून खाली एक घाव हेच त्याचं काम. म्हणून तो रणातून उठून बळीच्या जागी गेला आणि तिथेच राहिला.

याशिवाय तरवार आहे, ती आपल्या तलवारीची सख्खी बहीण. आणि खड्ग आहे. काठमांडूच्या नेवार लोकांत खड्ग हे शस्त्रापेक्षा देवाचं प्रतीक जास्त (प्रश्न ११ पाहा).

तलवारीचं वेड नेपाळच्या नावांतही शिरलं आहे. नेपाळचं पंतप्रधानपद वंशपरंपरेनं सांभाळणाऱ्या राणा घराण्यात ‘शमशेर’ हे नावाचं शेपूट पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि शमशेर म्हणजे फारसीत तलवार. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या आईचे वडील खड्ग शमशेर राणा. संस्कृत तलवार अधिक फारसी तलवार, असं दुधारी नाव.

४. मुठीजवळ पात्याला खाच का असते?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वात जास्त उत्तरं असलेलाही. तिला नेपाळीत काउडी म्हणतात. कुणी सांगतो तो शिवाचा त्रिशूळ, कुणी सांगतो गाईचं खूर, म्हणजे या हत्यारानं गोहत्या करू नये याची आठवण. कुणी शिवलिंग पाहतो. पर्यटकांना हमखास सांगितलं जाणारं उत्तर असं, की रक्त मुठीपर्यंत ओघळू नये, तिथेच ठिबकावं.

शेवटचं उत्तर मला पटत नाही. एवढ्याशा खाचेनं कुठलाही द्रव थांबत नाही, बोकड कापताना पाहिलेल्या कुणालाही हे कळेल. कामाच्या दृष्टीनं पाहिलं तर धार जिथे संपते तिथे खाच असली की धार लावताना दगड मुठीच्या कड्याला आपटत नाही, आणि धारेचा शेवट स्वच्छ राहतो. पण धार्मिक अर्थ खोटे म्हणून उडवून लावायचं कारण नाही. घडवणारे आणि वापरणारे ते मानत आले आहेत, आणि खाचेचा आकार गावोगाव बदलतो त्यामागे अशा समजुतीच आहेत. उपयोग आधी की अर्थ आधी, हा वाद ज्याला आवडतो त्यानं घालावा.

५. म्यानात मागे दोन छोट्या सुऱ्या असतात त्या कशासाठी?

त्या दोन्हींतली एकच सुरी असते. एक कर्द, तिला धार असते. फळ सोलणं, कातडी काढणं, काटा काढणं अशा बारीक कामांसाठी. दुसरा चकमक, तो बोथट असतो. त्यावर खुकुरीची धार घासून सरळ करतात आणि गारगोटीवर आपटून ठिणगीही पाडतात. जुन्या म्यानांना कापसासारखा, चटकन पेटणारा भुसा ठेवायची एक छोटी पिशवीही असे. म्यानाला नेपाळीत दाप म्हणतात: आत लाकूड, वर म्हशीचं कातडं.

‘खुकुरीभन्दा कर्द लाग्ने’ अशी नेपाळी म्हण आहे. म्हणजे खुकुरीपेक्षा कर्दच जास्त धारदार. साहेबापेक्षा साहेबाचा शिपाई तिखट, तसं.

६. खुकुरी उपसली की रक्त पाडल्याशिवाय म्यान करत नाहीत, हे खरं आहे का?

नाही. ज्या पात्यानं सकाळी सरपण फोडतात आणि संध्याकाळी मुळा चिरतात, त्याला दर वेळी रक्त पाजायचं म्हटलं तर घरादाराची बोटं संपतील. ही गोष्ट गोऱ्या शिपायांच्या आणि प्रवाशांच्या लिखाणातून फुगत गेली. पुढे दुकानदारांनाही ती सोयीची झाली.

तरी एक गोष्ट सांगतो. पहिल्यांदा खुकुरी हाताळताना माझं बोट खरंच कापलं. उपसताना म्यान मुठीत पूर्ण आवळून धरलं होतं, धारेच्या बाजूनं म्यानाची शिवण सुटलेली होती. म्यान नेहमी पाठीच्या बाजूनं धरायचं, बोटं धारेवर गुंडाळायची नाहीत. दंतकथा कदाचित माझ्यासारख्यांमुळेच टिकली असेल.

७. ट्रकच्या स्प्रिंगपासून खुकुरी बनवतात म्हणे. मग ती पारंपरिक कशी?

हो, बहुतेक चांगल्या खुकुऱ्या आज ट्रक-जीपच्या जुन्या पाट्यांपासून घडतात. आणि त्यात कमीपणा काही नाही. पाट्याचं पोलाद लवचीक आणि चिवट असतं, वर्षानुवर्षं खड्डे खाऊन मोडत नाही, असं पोलाद लोहाराला भंगाराच्या भावात मिळत असेल तर तो दुसरं कशाला शोधेल? परंपरा लोखंडाच्या खाणीत नसते, हाताच्या पद्धतीत असते. त्याच पाट्यांपासून आपल्याकडचे लोहार कोयते आणि कुऱ्हाडी घडवतात.

लोहारकामाच्या जागेला नेपाळीत आरन म्हणतात, भात्याला खलाँती. कोळशाच्या भट्टीत पट्टी लाल करायची, एकानं सांडशीनं ऐरणीवर धरायची आणि समोरच्यानं घण घालायचा. बाक, पाठीची उतरण, काउडी, मुठीत जाणारं शेपूट, सगळं घणानं आणि छिन्नीनं. कानस आणि सहाण नंतर. मूठ म्हशीच्या शिंगाची किंवा शिसवाची, आणि ती चिकटवायला लाहा, म्हणजे लाखेचा घट्ट गोंद. लाहा तापला की मऊ होतो, निवला की दगड. त्यामुळे मूठ ढिली झाली तर फेकायची नसते, गरम करून पुन्हा बसवता येते.

८. धारेला ‘पाणी’ देतात म्हणजे नक्की काय करतात?

आपण मराठीत हत्याराला पाणी पाजणं म्हणतो, नेपाळीत पाइन. मला स्वतःला या सगळ्या कारागिरीतली सर्वात देखणी गोष्ट हीच वाटते, म्हणून जरा सविस्तर.

पातं तयार झालं की ते पुन्हा तापवतात. रंग लोहार डोळ्यांनी पाहतो, म्हणून आरन नेहमी अंधारी. मग पातं पाण्यात बुडवत नाहीत. एक साधी चहाची किटली घेतात आणि तिच्या चोचीतून पाण्याची धार पात्याच्या धारेवरून, पोटाच्या भागावर, इकडून तिकडे सोडतात. फक्त धारेवर. पाठ तशीच गरम राहते आणि सावकाश निवते.

अचानक निवलेलं पोलाद कडक होतं पण ठिसूळही होतं, सावकाश निवलेलं मऊ आणि चिवट राहतं. म्हणजे एकाच पात्यात दोन स्वभाव: धार कडक, तिला तीक्ष्णपणा टिकतो, पाठ नरम, ती घावाचा हादरा पचवते. सगळं पातं एकसारखं कडक केलं तर पहिल्याच गाठीच्या लाकडावर तुकडा उडेल. पाणी किती, कुठून कुठपर्यंत, किती वेळ, याचं माप किटलीवर लिहिलेलं नसतं. दोन-चार सेकंदांचा खेळ. तो चुकला तर आधीचं सगळं काम वाया, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कळतही नाही.

ते कळण्याची एक युक्ती प्रश्न १४ मध्ये आहे.

९. खुकुरी घडवणारे लोक कोण?

डोंगराळ नेपाळात कामी. आज ते विश्वकर्मा असं आडनाव लावतात, थोडक्यात ‘बि.क.’. म्यान शिवणारे सार्की. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजात लोहारकाम नकर्मींचं. पूर्वेचं भोजपूर आणि धरान ही खुकुरीसाठी नावाजलेली गावं. धरानला ब्रिटिश गोरखा भरतीची छावणी अनेक वर्षं होती, तेव्हा गिऱ्हाईक दारातच होतं.

इथे एक गोष्ट दुकानातल्या माहितीपत्रकात छापलेली नसते. १८५४ च्या मुलुकी ऐनात, म्हणजे राणा राजवटीच्या लेखी कायद्यात, कामी आणि सार्की अस्पृश्य ठरवले गेले. ज्यानं घडवलेली खुकुरी दसऱ्याला घराघरात पुजली जायची, त्याच्या हातचं पाणी त्या घरात चालत नसे. १९६३ च्या नव्या ऐनानं कायद्यातली ही उतरंड काढली, २०११ मध्ये जातीय भेदभाव आणि अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. गावातली वागणूक कायद्याच्या वेगानं बदलत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मोबदल्याची पद्धतही ओळखीची वाटेल. तिला बालीघरे म्हणतात. बाली म्हणजे पीक. वर्षभर लोहारानं घरांची अवजारं घडवायची, दुरुस्त करायची, धार लावायची, आणि सुगीला प्रत्येक घरानं ठरलेलं धान्य घालायचं. म्हणजे आपलं बलुतं. तिथला लोहारही गावाला हवा असायचा, पण वेशीच्या आत नको. आपल्याकडे लोहार अस्पृश्य नव्हता, एवढा फरक. बाकी व्यवहाराचा साचा एकच.

‘अचानोको पीर खुकुरीले जान्दैन’: ज्यावर ठेवून कापतात त्या ठोकळ्याचं दुःख खुकुरीला कळत नाही. ही म्हण त्या आरनच्या अंगणात ऐकली की तिला वेगळाच अर्थ येतो.

१०. दशैंमध्ये खुकुरीची पूजा कशी होते? आपल्या खंडेनवमीसारखीच का?

जवळजवळ. नेपाळचा दशैं घटस्थापनेपासून कोजाग्रत पौर्णिमेपर्यंत, पंधरा दिवस चालतो. घटाजवळ उगवलेल्या जवाच्या रोपांना जमरा म्हणतात, आपल्या घटातल्या धान्यासारखीच. सातव्या दिवशी फूलपाती, आठव्या रात्री काळरात्र, नवव्या दिवशी हत्यारं, अवजारं आणि आता मोटारी-यंत्रंही पुजतात. आपण खंडेनवमीला कोयता, खुरपं, गाडी ओळीनं मांडून झेंडूचं फूल ठेवतो. तिकडे तोच देखावा, मध्ये खुकुरी.

फरक रक्ताचा. अष्टमी-नवमीला अनेक घरांत बोकड कापतात, आणि काठमांडूच्या हनुमान ढोका या जुन्या राजवाड्याच्या परिसरातल्या दशैं घराच्या अंगणात काळरात्री ५४ रेडे आणि ५४ बोकड बळी देण्याची प्रथा आहे. एका घावात मान वेगळी व्हावी असा कटाक्ष असतो, इथेच कोरा किंवा मोठी खुकुरी लागते. घाव चुकणं अशुभ. ज्यांच्या घरी रक्त चालत नाही ते कुभिण्डो कापतात. कुभिण्डो म्हणजे कोहळा. वास्तुशांतीला कोहळा फोडणारा मराठी माणूस इथे एकदम घरी आल्यासारखा होतो.

बळीला नेपाळमध्येच विरोध वाढतो आहे, विशेषतः ‘बारा’ नावाच्या जिल्ह्यातल्या, दर पाच वर्षांनी भरणाऱ्या गढीमाईच्या जत्रेवरून. तो वाद देवाचा आणि प्राण्यांचा आहे. खुकुरी त्यात फक्त हातात असते.

११. नेवार लोकांची तलवारींची जत्रा कोणती?

खड्ग जात्रा, नेवारीत पाया. विजयादशमीच्या सुमारास आळीआळीतून लोक हातात खड्ग घेऊन, डुलत्या पावलांनी मिरवतात. खड्ग इथे देवीनं दिलेलं, म्हणून चालणाराही त्या वेळेपुरता साधा माणूस राहत नाही. यातही कोहळा तलवारीनं कापतात, तो राक्षसाच्या जागी.

याहून विलक्षण आहे ती पचली भैरवाची रीत. दर बारा वर्षांनी भैरव आणि देशाचा राजा आपापसांत खड्ग बदलतात. देवाचं बळ राजाला नव्यानं मिळतं अशी भावना. राजेशाही २००८ मध्ये संपली, पण रीत थांबली नाही. राजाच्या जागी आता राष्ट्रपती उभे राहतात. गणराज्याच्या प्रमुखानं देवाशी तलवार बदलावी, हे वाचून हसू येतं खरं. पण आषाढीला पंढरपूरला पहाटे महापूजा कोण करतं, हे आठवलं की हसू आवरतं.

१२. गोरखा सैनिक आणि खुकुरी यांचा संबंध कधीपासून?

गोरखा हे मध्य नेपाळातल्या एका छोट्या राज्याचं नाव. तिथल्या पृथ्वीनारायण शाहांनी १७६८ मध्ये काठमांडू घेतलं आणि आजच्या नेपाळचा पाया घातला. इंग्रजांची गाठ पडली १८१४ ते १८१६ च्या युद्धात. डेहराडूनजवळ नालापानीच्या गढीवर बलभद्र कुंवर यांच्या मूठभर लोकांनी इंग्रजी फौज रोखून धरली, इंग्रजांचा जनरल गिलेस्पी तिथेच पडला. ज्यांनी एवढा मार दिला त्यांनाच नोकरीवर ठेवावं, हे व्यापारी डोकं. भरती १८१५ मध्ये, युद्ध पुरतं संपण्याआधीच सुरू झाली. खुकुरी त्यांच्याबरोबर फ्रान्स, ब्रह्मदेश, इटलीपर्यंत गेली.

आपल्याला या इतिहासात एक बोचरी गोष्ट आहे. १८५८ मध्ये लखनौ परत घ्यायला इंग्रजांच्या मदतीला जंग बहादूर राणांची नेपाळी फौज उतरली होती. आणि पराभवानंतर नानासाहेब पेशवे आसऱ्याला गेले तेही नेपाळच्याच तराईत.

१९४७ मध्ये दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. पुढे भारतानं अकरावी पुन्हा उभी केली, त्यामुळे आपल्याकडे आज सात आहेत. चिन्हावर खुकुरी सगळ्यांच्या. अग्निपथ योजना आल्यावर २०२२ पासून नेपाळनं आपल्या तरुणांच्या भरतीला संमती दिलेली नाही, म्हणजे या दोनशे वर्षांच्या गोष्टीचा सध्या श्वास अडकला आहे.

अलीकडची गोष्ट हवी असेल तर २ सप्टेंबर २०१० ची. निवृत्त होऊन घरी निघालेले गोरखा सैनिक विष्णू श्रेष्ठ मौर्य एक्सप्रेसमध्ये होते. बंगालात गाडीवर दरोडा पडला. एका मुलीवर हात टाकला गेला तेव्हा ते खुकुरी काढून उठले आणि एकटे भिडले. त्यांचा हात जबर जखमी झाला. त्यांना सेना पदक मिळालं.

आपल्या कॉलनीत रात्री शिट्टी वाजवणाऱ्याला आपण सरसकट ‘गुरखा’ म्हणतो. तो गोरखा असतोच असं नाही, नेपाळी असतोच असंही नाही. त्याचं नाव विचारायला हरकत नाही.

१३. सिरुपाते, भोजपुरे, कोठीमोरा: प्रकार किती?

मोजायला बसू नका, प्रत्येक दुकानात दोन वाढतात. खरोखर उपयोगी फरक तीन-चार. सिरुपाते म्हणजे सिरू गवताच्या पात्यासारखी सडपातळ, हलकी, चपळ. भोजपुरे पोटाला रुंद आणि जड, कामाची. अंगखोला म्हणजे पाठीशी खोल पन्हळ, तीमुळे वजन घटतं पण ताकद राहते. पानावल म्हणजे पात्याचं लोखंड मुठीतून शेवटपर्यंत गेलेलं, रिबिटांनी जखडलेलं. ढिली होण्याची भीती नाही. कोठीमोरा हा दागिना आहे: चांदीचं नक्षीदार म्यान, निरोप समारंभात आणि मानाच्या भेटीला. तिनं नारळ फोडू नये.

१४. खरी हातघडणीची खुकुरी कशी ओळखायची?

पाठीकडे पाहा. घडवलेलं पातं मुठीजवळ जाड असतं, सात-आठ मिलिमीटर किंवा अधिक, आणि टोकाकडे सावकाश पातळ होत जातं. पत्र्यातून कापलेलं पातं सगळीकडे एकाच जाडीचं. हा फरक अंगठ्यालाही कळतो.

दुसरी युक्ती पाण्याची, प्रश्न ८ मध्ये सांगितलेली. धारेच्या पोटावर कानस हलकेच फिरवली तर ती घसरते, पाठीवर फिरवली तर चावते. दोन्हीकडे चावली तर पाणी दिलेलंच नाही. दुकानदार कानस लावू देणार नाही, पण विचारल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं तेही पुरावाच आहे.

पात्यावर सिंह, देवळं, रंगीत खडे, पितळी नाग, अशी गर्दी असेल तर ती भिंतीवर टांगायची वस्तू. काठमांडूच्या एका दुकानात मला ‘दोनशे वर्षांपूर्वीची’ खुकुरी विकली होती. घरी येऊन साफ केल्यावर आतल्या बाजूला अर्धवट घासलेला आकडा निघाला, ट्रकच्या पाट्यावर असतो तसा. पात्यात खोट नव्हती, किमतीत होती. आता मी तिनं नारळ सोलतो.

१५. निगा कशी राखायची? पावसाळ्यात गंज चढतो.

हे साधं कार्बनी पोलाद, गंजणारच. वापरल्यावर धुऊन, पुसून, कोरडं करून तेलाचा हात. नेपाळात मोहरीचं तेल लावतात, आपल्याकडे शिवणयंत्राचं तेल उत्तम. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर म्यानात ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि पातं आतून काळवंडतं. म्यान वेगळं, पातं तेलकट फडक्यात गुंडाळून वेगळं. कातड्याला अधूनमधून मेण. कडक उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, लाहा मऊ होतो (प्रश्न ७).

१६. महाराष्ट्रात घरात खुकुरी ठेवली तर पोलीस पकडतील का?

इथे सावध राहा. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या नियमांत धारदार शस्त्रांचा एक वर्ग आहे आणि त्यात किरपाणाबरोबर खुकुरीचं नाव स्पष्ट घेतलं आहे. निकष पात्याचा: ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. घरगुती, शेतीच्या, औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. प्रश्न १ मधली मापं आठवा. साधारण खुकुरी या रेषेच्या पलीकडे जाते. ती शेतीचं अवजार आहे हा युक्तिवाद नेपाळच्या डोंगरात सहज पटेल, पुण्यातल्या सदनिकेत पटवणं अवघड.

घरात शोभेला ठेवणं एक, बाहेर घेऊन फिरणं दुसरं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहराशहरांत वेळोवेळी आदेश निघतात, त्या काळात तलवार, सुरा, काठी असं काहीही घेऊन फिरायला मनाई असते. पुण्यात कोयत्यांच्या बातम्यांनी वातावरण तापलेलं असताना गाडीच्या डिकीत खुकुरी सापडली तर तुमचं सांस्कृतिक प्रेम कुणी ऐकून घेणार नाही. मोठं पातं आणायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात किंवा वकिलाला विचारा. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापून त्याचा फोटो टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झालेले आहेत, हेही लक्षात असू द्या.

१७. नेपाळहून विमानानं आणता येते का?

हातातल्या सामानात कधीच नाही. चेक-इन सामानात, धार झाकून, घट्ट बांधून, आणि विमान कंपनीला आधी विचारून. इथे उतरल्यावर प्रश्न १६ लागू होतोच. आठ इंचांच्या पात्याची छोटी खुकुरी घेतली तर बरीच डोकेदुखी वाचते, आणि स्वयंपाकघरात तीच जास्त हाताळली जाते.

१८. जुनी, संग्रहातली खुकुरी विकत घ्यावी का?

नेपाळच्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे दुकानदार ‘दोनशे वर्षं’ म्हणतो तेव्हा तो एक तर खोटं बोलतो आहे किंवा तुम्हाला अडचणीत टाकतो आहे.

खरोखर जुन्या खुकुऱ्या बाजारात आहेत, त्यांतल्या बऱ्याच २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलखान्यातून निघाल्या. राणांच्या काळापासून तिथे साठलेला शस्त्रांचा ढीग अमेरिकी व्यापाऱ्यांना विकला गेला. सिलखाना म्हणजे शस्त्रागार. शिवकाळातला आपला शिलेखाना तोच शब्द.

नुसतं पाहायचं असेल तर काठमांडूच्या छाउनीतलं राष्ट्रीय संग्रहालय गाठा, तेही मुळात सिलखानाच होतं. कोरे, खुकुऱ्या, चामड्याच्या तोफा, आणि नेपोलियन तिसरा यानं जंग बहादूर राणांना भेट दिलेली तलवार. तिच्याजवळ नेहमी गर्दी असते. बाजूच्या कपाटांतल्या, नावगाव नसलेल्या कामींच्या हातच्या पात्यांपाशी निवांत उभं राहता येतं.

१९. नेपाळी मित्राला खुकुरीचं चिन्ह भेट दिलं तर आवडेल का?

माणसावर आहे. ढाका टोपीवर फुली मारल्यासारख्या दोन खुकुऱ्यांचा बिल्ला अनेक जण अभिमानानं लावतात. राजेशाहीच्या काळातल्या राजचिन्हात त्या होत्या, २००६ च्या शेवटी आलेल्या नव्या चिन्हात नाहीत. तिथे आता हिमालय, लालीगुराँसची फुलं आणि हातात हात आहेत. खुकुरीकडे पाहून एखाद्याला सैन्यातले आजोबा आठवतात, एखाद्याला राणांची राजवट, आणि एखाद्या बि.क. मित्राला त्याच्या बापाच्या हातावरचे भाजल्याचे डाग.

भेटच द्यायची तर खुकुरी रम आहे, १९५९ पासूनची. ती खुकुरीच्या आकाराच्या बाटलीतही मिळते. तिला परवाना लागतो तो वेगळ्या खात्याचा.

२०. उशाखाली खुकुरी ठेवतात ते का?

वाईट स्वप्नं आणि बाधा दूर राहावी म्हणून. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात, त्याच समजुतीनं. ठेवणारच असाल तर म्यानात ठेवा, आणि म्यानाची शिवण आधी तपासा (प्रश्न ६).